साबरमतीवरील पायवाट

साकव हा शब्द आपल्या वाचकांना परका नाही. ओढ्यावर दोन ओंडके आडवे टाकावे, वर फळ्या ठोकाव्या, हाताला आधार म्हणून एका बाजूस बांबू बांधावा, की झाला साकव. पलीकडे जाणे एवढेच त्याचे प्रयोजन. तो सुंदर असावा अशी अपेक्षा कोणी केलेली मला आठवत नाही. म्हणूनच बडोद्याहून एका दिवसासाठी सहकुटुंब अहमदाबादेस गेलो असता, केवळ पायी चालणाऱ्यांकरिता बांधलेला आणि तोही इतका देखणा पूल पाहून मी काही वेळ नुसता उभा राहिलो.

हा अटल पूल. एलिस पूल आणि सरदार पूल यांच्या मध्ये साबरमतीवर तो २०२२ च्या ऑगस्टमध्ये खुला झाला. लांबी सुमारे ३०० मीटर. रुंदी कोठे १० मीटर, तर कोठे १४. सुमारे २,६०० टन पोलादी नळ्या त्याला लागल्या. पण आकड्यांनी त्याचे रूप डोळ्यांपुढे उभे राहावयाचे नाही. संक्रांतीस, म्हणजे गुजरातेतील उत्तरायणास, या शहराचे आकाश पतंगांनी भरून जाते. त्या पतंगांवरूनच पुलाची कल्पना सुचली. नळ्यांचा तिरकस सांगाडा आणि त्यावर ताणलेले रंगीत कापडी छत पाहताना, एखादा भला मोठा पतंग नदीवर उतरून विसावला आहे असे वाटते. नदीकाठी वरचा व खालचा असे दोन रस्ते आहेत आणि दोहोंवरून पुलावर येता येते, ही सोय मला विशेष आवडली. पायांखाली पाणी दिसावे म्हणून मध्ये काचेचे तक्ते बसविले, त्या हौसेची मात्र मला फारशी किंमत वाटली नाही. २०२३ मध्ये त्यांतील एकाला तडा गेलाच.

पुलावर जाण्यास माणशी ३० रुपयांचे तिकीट होते. सौ. म्हणाली, "पलीकडे कोणाकडे जावयाचे आहे का? नाही. मग जाऊन परत यावयाचे, आणि त्याचे पैसे!" तिच्या या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते, मी मुकाट्याने तिकिटे काढली.

गर्दी बरीच होती, आणि गर्दी दिसताच मला मोरबीची आठवण झाली. रविवार, ३० ऑक्टोबर २०२२ रोजी तेथील मच्छू नदीवरचा जुना झुलता पूल तुटला. दुरुस्ती होऊन तो लोकांस खुला झाल्याला अवघे चार दिवस झाले होते. दिवाळीच्या सुटीत आमच्यासारखीच मुलाबाळांसह हिंडावयास आलेली १३५ माणसे गेली. एका मुख्य दोरखंडातील ४९ तारांपैकी २२ गंजलेल्या होत्या, असे पुढे तपासात आढळले. गंजलेल्या तारा तिकीट काढणाऱ्याला कोठून दिसणार? राज्याने २ नोव्हेंबर हा शोकदिन पाळला. आपल्या ख्रिस्तसभेत तोच सर्व मृत भाविकांचा स्मरणदिन.

त्या दुर्घटनेनंतर लगेच अहमदाबादच्या महानगरपालिकेने अटल पुलावर तासाला ३,००० हून अधिक माणसे सोडावयाची नाहीत, असे ठरविले. पूल १२,००० जणांचा भार सोसण्याजोगा आहे असे सांगितले जात असतानाही ही मर्यादा घातली गेली. छताच्या सर्व रंगांहून हा हिशेब मला अधिक देखणा वाटतो. पुलाच्या मध्यावर आम्ही कठड्यापाशी थांबलो आणि मोरबीच्या मृतांसाठी एक प्रभूची प्रार्थना हळूच म्हटली.

तेथून उत्तरेस एलिस पुलाच्या जुन्या लोखंडी कमानी दिसतात. त्या जागचा आधीचा लाकडी पूल १८७५ च्या पुरात वाहून गेला. हा १८९२ चा. हिंमतलाल धीरजराम भचेच या अभियंत्याने तो अंदाजापेक्षा बराच कमी खर्चात बांधला, तेव्हा सरकारला उलट संशय आला की, याने माल हलका वापरला असावा. चौकशी बसली. माल उत्तम प्रतीचा निघाला.

"मग आजोबा, सरकारने त्यांची माफी मागितली का?" नातवाने विचारले.

"रावसाहेब ही पदवी दिली," मी म्हणालो.

एवढ्याने त्याचे समाधान झाले नाही. तो पूल जवळून पाहावयाचाच असा त्याने हट्ट धरला, आणि उन्हे कलावयाच्या आत आम्ही काठाकाठाने तिकडे निघालो.