कुत्र्याचा डिस्टेंपर : आतली राखण आधी उठते

आज पिकाचं नाही, राखणदाराचं लिहितो.

या थंडीत आमच्या शिवारातल्या वस्त्यांवरची पाच-सहा कुत्री गेली. आमचा मोत्यापण गेला. कुणी म्हणालं निमोनिया, कुणी हगवण, कुणी गोचीड ताप. मोत्याचं रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी एकदम खाली. डॉक्टर म्हणाले, "काका, हा डिस्टेंपर. बाकीचं सगळं त्याच्या मागनं आलंय."

त्यांनी सांगितलं ते सोपं करून लिहितो. हा विषाणू शिंक-खोकल्यातून, नाका-डोळ्याच्या पाण्यातून दुसऱ्या कुत्र्याला लागतो. शिरला की आधी रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच मारतो. तीन ते सहा दिवसांत ताप येतो अन् एक-दोन दिवसांत उतरतो. आपल्याला वाटतं, बरं झालं. पण तोवर आतली राखण उठलेली असते. मग एरवी दबून असलेले जंतू फुफ्फुसात माजतात, आतडी बिघडतात, अंगातला गोचीड ताप उसळतो. काहींच्या मेंदूत विषाणू जातो, झटके येतात. अँटिबायोटिक अन् सलाईन द्यावंच लागतं, पण ते मागनं आलेल्यांवर चालतं. मूळ विषाणूवर खात्रीचं औषध नाही.

२०१८ साली गीरच्या जंगलात वीसच्या वर सिंह मेले. त्यातल्या काहींमध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला हाच विषाणू सापडला. सोबत गोचिडीतून येणारा बबेसियाही होता. जिथं सिंह टिकला नाही, तिथं आपलं कुत्रं काय!

उपाय एकच, वेळेवर लस. पिल्लू ६ ते ८ आठवड्यांचं झालं की पहिला डोस, मग दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवडे होईपर्यंत. आईच्या चिकातून आलेली ताकद सुरुवातीला लस लागू पडू देत नाही, म्हणून एका डोसवर भागत नाही. पुढचा बूस्टर डॉक्टर सांगतील तसा. अन् रेबीजची लस वेगळी. ती टोचली म्हणजे डिस्टेंपरचं काम झालं असं नाही.

आजारी कुत्रं वेगळं बांधा, भांडंही वेगळं ठेवा. माणसाला हा रोग होत नाही, तेव्हा भिऊन त्याला हाकलू नका. मोकळं फिरलं तर चार वस्त्यांना रोग देईल.

आमच्या वस्त्यांनी ठरवलंय, सगळी पिल्लं गोळा करून एकाच दिवशी टोचायची. डॉक्टरांची एक चक्कर, खर्च वाटून. तुमच्याही शिवारात जमतंय का बघा.