तुटण्यासाठीच असलेला बोल्ट

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धारहून पुतण्याचा फोन आला. "मोठे काका, हार्वेस्टर गहू सोडत नाहीये. टाकी भरलीय, पाइपातून नुसती धार लागलीय. आणि आभाळ आलंय."

मी देवासला असतो. इथल्या एका कारखान्यात तीस वर्षे मेंटेनन्समध्ये काढली आणि आता निवृत्त आहे. शेती धारजवळच्या गावी, ती धाकटा भाऊ पाहतो. देवासच्या मंडळींना ठाऊकच आहे की तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार या दोघा भावांमुळे आमच्या गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये नांदली. आमच्या घरी चेष्टेने म्हणतात, मी थोरली पाती आणि भाऊ धाकटी. यंत्र बिघडले की थोरल्या पातीला बोलावणे येते, एवढाच आमचा मान!

हार्वेस्टर भावाने तीन वर्षांपूर्वी पंजाबातून जुने घेतले. माझे मत विरुद्ध होते. पण माळव्यात हंगाम दोन, दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन आणि मार्चमध्ये गहू. दोन्ही वेळा मजूर मिळत नाहीत आणि भाड्याच्या यंत्राची वाट पाहता पाहता पीक उभ्या उभ्या झडते. भावाचे म्हणणे चूक नव्हते. स्वतःचे काढून झाले की शेजाऱ्यांचेही काढता येते.

इंदूरवरून धार म्हणजे शंभर किलोमीटरच्या आसपास. पोचेपर्यंत साडेअकरा झाले. पश्चिमेकडे आभाळ काळे निळे. मार्चमध्ये माळव्यात गारा पडतात, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आणि पाऊस नुसता भिजवून गेला तरी नुकसान आहेच. सरकारी खरेदी केंद्रावर १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, त्यावर १४ टक्क्यांपर्यंत कपात करून घेतात, त्याच्या पुढे गाडी परत.

शेताच्या बांधावर गाडी थांबवली आणि जे पाहिले त्याने पोटात गोळा आला. इंजिन चालू होते. पुतण्या टाकीच्या काठावर बसून एक पाय आत सोडून गहू खाली ढकलत होता. त्याच्या पायाखाली, गव्हाच्या खाली, लोखंडी मळसूत्र. मिस्त्री लोक त्याला ऑगर म्हणतात.

मी इतक्या जोरात ओरडलो की माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "उतर आधी! किल्ली काढा!"

पंजाबचे ऑपरेटर पाजी घाबरून इंजिन बंद करून खाली उतरले. पुतण्या उतरला, चेहरा पडलेला. चार शेजारी उभे होते. भाऊ काही बोलला नाही, पण त्याला ते लागले. चोवीस वर्षांच्या मुलाला चारचौघांत असे बोलणे त्याला आवडले नव्हते. मी किल्ली घेऊन माझ्या खिशात टाकली.

आमच्या कारखान्यात एका फिटरचा हात फिरत्या स्क्रूमध्ये गेला होता. तेव्हा मी दहा फुटांवर होतो. अडकलेले मळसूत्र कधी सुटेल ते सांगता येत नाही, आणि सुटले की पाय काढायला वेळ देत नाही. शिवाय खालून दाणा सरकू लागला की वरचा माणूस गव्हात रुतत जातो. हे सगळे मला तेव्हा शांतपणे सांगता आले असते तर बरे झाले असते.

मग कामाला लागलो. टाकी रिकामी होण्याची वाट साधी असते. टाकीच्या तळाशी आडवे मळसूत्र दाणा एका कोपऱ्यात आणते. तिथून दुसरे मळसूत्र तो पाइपातून बाहेर ट्रॉलीत फेकते. आमच्या यंत्रात इंजिनावरून बेल्ट पाइपाच्या मळसूत्राला फिरवतो, आणि तिथून एक चेन तळाच्या मळसूत्राला. म्हणजे प्रश्न एवढाच की फिरणे कुठवर पोचते आणि कुठे थांबते.

पाजी म्हणाले, "बाबूजी, बेल्ट ढीली होगी." बेल्ट दाबून पाहिला, ताण ठीक होता. घसरला असता तर जळल्या रबराचा वास आला असता, तोही नव्हता. शिवाय पाइपातले मळसूत्र फिरत होते, हे सगळ्यांनी पाहिले होते. मग तळाच्या मळसूत्राच्या दांड्याच्या टोकावर खडूने एक रेघ मारली. सगळ्यांना लांब उभे केले, पाजींना किल्ली दिली, दहा सेकंद यंत्र चालवून बंद करायला लावले आणि किल्ली परत घेतली. रेघ होती तिथेच. आतून मात्र कटकट आवाज आला होता.

चेनवरचे झाकण उघडले. गरारीचे दात पार झिजून तुटले होते. चेन त्यांच्यावरून उड्या मारत होती. तळाचे मळसूत्र जागचे हललेच नव्हते. बाहेर येत होता तो फक्त आपोआप घसरणारा गहू.

पण गरारीचे दात असे जातात कसे? ते जाऊ नयेत म्हणून तर तिथे शिअर बोल्ट असतो. हा मुद्दाम मऊ लोखंडाचा, कमी ताकदीचा बोल्ट. पुढे काही अडकले की तो आधी तुटतो आणि गरारी, चेन, दांडा सगळ्यांना वाचवतो. किंमत दहा-वीस रुपये. मी तो शोधला. बोल्ट जागेवर होता. शाबूत. डोक्यावर ताकदीचे आकडे कोरलेला, हाय टेन्साइल.

"हा कोणी घातला?" मी जरा चढ्या आवाजातच विचारले.

पुतण्याने खाली पाहत सांगितले, "काका, तुम्हीच. दसऱ्याला."

आणि मला आठवले. दसऱ्याला गावी आलो होतो. सोयाबीन निघत होते आणि हा बोल्ट एकाच दिवसात तीनदा तुटला होता. दिवस मावळत आलेला, सगळे वैतागलेले. मी माझ्या हत्यारांच्या पिशवीतून हा बोल्ट काढून दिला आणि ऐटीत म्हणालो होतो, "हा घाल. आता बघतो कसा तुटतो ते." खरेच तुटला नाही. त्या दिवशी माझे फार कौतुक झाले होते.

तीस वर्षे मेंटेनन्समध्ये काढलेल्या माणसाने विचारायला हवे होते की बोल्ट पुन्हा पुन्हा का तुटतो आहे. ते मी विचारले नाही.

उत्तर टाकीच्या तळाचे झाकण उघडल्यावर मिळाले. गहू निघून गेल्यावर कोपऱ्यात काळी, दगडासारखी ढेप होती. ओल्या शेंगा, काड्या आणि काळी माती यांत रुतलेले सोयाबीन, ऑक्टोबरपासून तिथेच वाळून घट्ट झालेले. बोल्ट बिचारा तेव्हाच सांगत होता, इथे काहीतरी अडकले आहे. मी त्याचे तोंड बंद केले. मग यंदा पहिल्याच टाकीला सगळा जोर गरारीवर आला. आणि मुलगा टाकीत पाय घालून बसला, तो माझ्या त्या शहाणपणामुळेच.

मी तिथेच, त्याच चार शेजाऱ्यांसमोर, पुतण्याला म्हणालो, "चूक माझी आहे. आणि मघाशी ओरडलो, ती पद्धतही चुकीची होती. पण चालू यंत्राच्या टाकीत पाय पुन्हा घालायचा नाही, हे मात्र खरे." तो हसला. भाऊ म्हणाला, "दादा, ते राहू दे, आधी गहू काढू." एवढ्यावरच आमच्या दोन्ही पातींचा तह झाला.

टाकी साधारण दोन घनमीटरची. गव्हाचे एक घनमीटर साडेसातशे किलोच्या आसपास भरते, म्हणजे पंधरा क्विंटल हाताने काढायचे. तळाच्या झाकणातून घमेल्यात, घमेल्यातून ट्रॉलीत. भाऊ, भावजय, पाजी, ते चार शेजारी आणि मी, अशी रांग लावली. शंभर घमेल्यांनंतर मोजणे सोडले. पुतण्या गरारी घेऊन मोटरसायकलवर धारला पळाला. लेथवाल्याने दातांवर वेल्डिंगचा भर देऊन ते घासून दिले. म्हणाला, चार दिवस चालेल, तोवर नवी आणा. लोखंड तुटण्याचे धारच्या माणसाला काय नवल! एवढा मोठा लोहस्तंभ लाट मशिदीपाशी तीन तुकड्यांत ठेवलेला आहे, तो आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत.

ढेप फोडून काढायला मला आणि पाजींना दोन तास लागले. संध्याकाळी गरारी बसली, नवा मऊ शिअर बोल्ट बसला. बॅटरीच्या उजेडात ताडपत्री ओढेपर्यंत थेंब पडू लागले. त्या रात्री गारा आल्या नाहीत. वाऱ्याने दोन बिघ्यांतला गहू आडवा झाला, बाकीचा तिसऱ्या दिवशी वाळल्यावर निघाला. नवी गरारी इंदूरहून आणली.

आता घरी तीन नियम झाले आहेत. हंगाम संपला की टाकीच्या तळाचे झाकण उघडून कोपरा हाताने साफ करायचा, आणि तोही किल्ली खिशात ठेवूनच. शिअर बोल्ट दहा-बारा जास्तीचे ड्रायव्हरच्या सीटखाली डब्यात ठेवायचे, म्हणजे कोणाला पिशवीतला दुसरा घालण्याचा मोह होणार नाही. आणि एका दिवसात दुसऱ्यांदा बोल्ट तुटला तर तिसरा घालण्याआधी यंत्र थांबवून आत काय अडकले ते पाहायचे. डब्यावर भावाने खडूने लिहिले आहे, "थोरल्या पातीस हात लावण्यास मनाई."

तो जुना हाय टेन्साइल बोल्ट मी देवासला आणला. टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवला आहे. त्या कामाला तो छान आहे.