सात जणींचा वाटा

मंडळी, घरातली मुलगी कॉलेजात जायला लागली की आपण तिची फी विचारतो, पुस्तके विचारतो, परतीची एस.टी. किती वाजता आहे ते विचारतो. ती तिथे काय खेळते, हे मात्र क्वचितच कुणी विचारते. लहानपणी अंगणात लंगडी, शाळेत खो-खो, आणि दहावी झाली की मुलीचा खेळ संपला, असा आपल्याकडचा हिशेब. म्हणून आज तुमच्याशी एका खेळाबद्दल बोलायचे आहे. त्याचे नाव नेटबॉल.

माझी पुतणी जिंतूरला कॉलेजात शिकते. दिवाळीनंतर तिथे वर्गावर्गांमधले सामने ठरले. आठ दिवस संध्याकाळी उशीर होईल, असे तिने घरी सांगितले, तेव्हा आमच्या मामंजींनी कातरलेली सुपारी तोंडात न टाकता हातातच धरली.

"ढकलाढकली व्हती का त्यात?"

"नाही आबा. नुसता धक्का लागला तरी शिट्टी होते."

"आसं? मंग त्याचे नेम काय हायेत ते समदे सांग. ऐकतो, मंग बघू."

पोरीने चुलीतली राख आणली आणि अंगणात मैदान आखले. मी तूर निवडत बसले होते. त्या दिवशी ऐकलेले नेम तुम्हांलाही सांगते, कारण सगळा प्रश्न त्या नेमांचाच आहे.

मैदान शंभर फूट लांब आणि पन्नास फूट रुंद, म्हणजे साधारण साडेचार गुंठे. त्याचे आडवे तीन सारखे भाग करायचे. दोन्ही टोकांना दहा फूट उंच खांब आणि त्याला लोखंडी कडे. कड्यामागे फळी नसते, त्यामुळे चेंडू आपटून आत जाईल ही आशा नाही. नेमच धरावा लागतो. खांबापुढे सोळा फुटांचे अर्धगोल आखलेले असते. एका बाजूला सात जणी. प्रत्येकीच्या अंगावर तिच्या जागेची अक्षरे लिहिलेली असतात: गोल शूटर, गोल अटॅक, विंग अटॅक, सेंटर, विंग डिफेन्स, गोल डिफेन्स आणि गोल कीपर. कुणी कुठल्या भागात फिरायचे हे ठरलेले. सेंटरला तिन्ही भाग मोकळे, पण अर्धगोलात पाऊल टाकता येत नाही. गोल कीपरने आपला शेवटचा भाग सोडायचा नाही. कड्यात चेंडू टाकण्याचा अधिकार फक्त गोल शूटर आणि गोल अटॅक या दोघींना, तोही अर्धगोलात उभे राहूनच. दुसऱ्याच्या भागात पाऊल पडले की चेंडू समोरच्यांना जातो.

मामंजी म्हणाले, "म्हंजी ज्याचा त्याचा बांध हाय."

बांधावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या झालेल्या तुम्ही पाहिल्या असतील. इथे बांध ओलांडला तर निकाल तिथल्या तिथे.

पुढचा नेम मला फार आवडला. चेंडू हातात आला की तीन सेकंदांच्या आत तो सोडायचा. चेंडू घेऊन पळायचे नाही, टप्पे देत पुढे जायचे नाही. झेलताना जो पाय आधी टेकला तो उचलता येतो, पण चेंडू सुटेपर्यंत परत टेकवता येत नाही. शिवाय चेंडू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एकदम भिरकावूनही चालत नाही. मैदानाच्या प्रत्येक भागात तो कुणाच्या तरी हाताला लागलाच पाहिजे. म्हणजे एखादी मुलगी कितीही चपळ, कितीही ताकदीची असली, तरी सगळा डाव एकटीने खेळणे तिला जमणारच नाही. तिला दुसरीकडे पाहावेच लागते. जी बुटकी आहे, बुजरी आहे, जिला एरवी कुणी चेंडू दिला नसता, तिच्याही हातात तो येतो.

अडवणारीने चेंडूवालीपासून तीन फूट लांब राहायचे. हात वर करून अडवावे, पण अंगाला अंग लावायचे नाही. लावले तर समोरच्यांना चेंडू मिळतो, आणि जिने आगळीक केली तिने चेंडू टाकणारीच्या शेजारी, तो सुटेपर्यंत, गुमान उभे राहायचे. शिक्षा लहानशी, पण सगळ्यांदेखत.

गोल कुणाचाही होवो, मधून डाव सुरू करण्याची पाळी आलटूनपालटून मिळते. हे ऐकले आणि मामंजी हसले. आमची विहीर चार घरांत सामाईक आहे. ज्याचे पीक मोठे त्याला जास्त पाणी, असे तिथे चालत नाही. ज्याची पाळी त्याचे पाणी. "ह्ये तर आपल्या हिरीवानीच झालं," म्हणाले, आणि सुपारी तोंडात टाकली. आम्ही समजलो, परवानगी मिळाली.

हा खेळ मुळात मुलींसाठीच असा बेतला गेला. १८९१ साली अमेरिकेत जेम्स नायस्मिथ या शिक्षकाने फळांच्या टोपल्या टांगून बास्केटबॉल काढला. तो इंग्लंडातल्या मुलींच्या व्यायाम-शिक्षणाच्या कॉलेजात पोचला, तेव्हा तिथल्या मुलींच्या अंगात पायघोळ झगे. त्यात धावत टप्पे देणे अवघड. म्हणून पळणे कमी करून झेलणे-फेकणे वाढवले, आणि १९०१ साली नियम छापले गेले. १९६० साली सिलोनात निरनिराळ्या देशांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून ते एकसारखे करायला घेतले. १९६३ पासून जागतिक सामने सुरू झाले. आपल्या देशात या खेळाचा महासंघ १९७८ साली निघाला, आणि २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या मुली नेटबॉल खेळल्या. आपल्या खो-खोचेही असेच झाले. तो गावोगाव फार पूर्वीपासून होता, पण पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली त्याचे नियम बांधले आणि तो मैदानावर आला. नियम झाले की अंगणातल्या खेळाला मान मिळतो.

पूर्ण सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार डावांचा. कॉलेजात शेवटच्या गाडीचा हिशेब धरून डाव दहा मिनिटांचे केले होते. खरी अडचण वेगळीच निघाली. ऐन वेचणीचे दिवस. पुतणीच्या वर्गातल्या दोघींना कापसासाठी घरी ठेवून घेतले आणि राहिल्या पाच. पण नियमात तेवढी सोय आहे: निदान पाच जणी हव्यात आणि त्यांतली एक सेंटर हवी. तेवढ्या असल्या की सामना होतो. आमची पोर सेंटर झाली. पाच जणी सात जणींशी दोन सामने खेळल्या आणि दोन्ही हरल्या. घरी आली तेव्हा पोरीचा आवाज बसला होता, पण पाटीवरची भाकरी थांबेना इतकी भूक होती. दुसऱ्या दिवशी पहाटे तीही आमच्याबरोबर वेचणीला आली.

त्या दोघींचा विचार मात्र माझ्या मनातून जात नाही. कापूस झाडावर थांबत नाही, मजूर मिळत नाही, हे मला सांगायला नको. मीही ओटी बांधून वेचते. पण सामना दोन संध्याकाळींचा होता. दोन संध्याकाळी घरातल्या मुलग्याने ओटी बांधली असती तर? तो त्याच दिवसांत क्रिकेट खेळत होता, आणि त्याला कुणी अडवले नव्हते. मैदानात सात जणींचा वाटा राखायला शिट्टी वाजते. घरात ती आपणच वाजवायची असते.

तेव्हा बायांनो, आणि बाप्यांनोही, मुलगी खेळायचे म्हणाली तर आधीच नाही म्हणू नका. आमच्या मामंजींसारखे नेम विचारा. सोबत कोण, शिक्षिका थांबतात का, गाडी कोणती, तेही विचारा; तो आपला हक्कच आहे. तुमच्या गावच्या शाळेत हा खेळ नसेल तर मुख्याध्यापकांच्या कानावर घाला. दोन खांब, गावच्या लोहाराकडून दोन कडी, एक चेंडू आणि साडेचार गुंठे सपाट जागा, एवढ्यावर सुरुवात होते. रेघा मारायला चुलीतली राख चालते.