जमिनीलगतचा उजेड

आईच्या कुडीची फिरकी पडली की आमच्या घरात एक ठरलेला कार्यक्रम सुरू होई. ज्यानं त्यानं आहे तिथेच उभं राहायचं, पंखा बंद करायचा आणि मग ट्यूबलाइटही बंद करायची. लहानपणी मला याचं फार आश्चर्य वाटे. वस्तू शोधायची तर दिवे लावायचे की घालवायचे? पण बाबा टॉर्च आणून तो फरशीवर आडवा ठेवायचे आणि हळूहळू फिरवायचे. एरवी न दिसणारे खडे, तांदळाचा दाणा, केसांचा गुंता असं सगळं एकेक करून दिसू लागे. प्रत्येकाला आपापली लांब सावली असे. त्यातली एक सावली फिरकीची निघे.

हा प्रसंग मी पुढची पंधरा-वीस वर्षं विसरलो होतो. गेल्या वर्षी व्हॅक्यूम क्लीनरला दिवा बसवायला घेतला तेव्हा तो आठवला.

मी शिकलो इलेक्ट्रॉनिक्स, काम करतो सॉफ्टवेअरचं. पदवीनंतर सोल्डरिंग आयर्न हातात धरल्याचं आठवत नाही. आमच्या कंपनीत आठवड्यातले तीन दिवस घरून काम चालतं, आणि पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये नेटवर्क नीट मिळतं ते फक्त हॉलमध्ये, पूर्वेच्या बाल्कनीजवळ. तिथे माझं टेबल आहे. समोरच्या प्लॉटवर दोन वर्षांपासून बांधकाम चालू आहे. आईला दमा आहे. एवढ्या गोष्टी एकत्र आल्यावर धुळीचा विषय निघाल्यावाचून राहणार नव्हताच.

आईची तक्रार अशी होती, की हल्ली फरशी पायाला कचकच लागते. मावशी झाडून-पुसून गेल्यावरही लागते. मावशी आमच्याकडे अकरा वर्षं कामाला आहेत. त्यांच्याबद्दल आईनं कधी अवाक्षर काढलं नव्हतं, म्हणून ही तक्रार मला महत्त्वाची वाटली. मी एक साधा, बिनवायरचा, उभा व्हॅक्यूम क्लीनर घेतला. तो आई संध्याकाळी फिरवायची. पण ट्यूबच्या उजेडात आमच्या बदामी रंगाच्या गुळगुळीत फरशीवर बदामी धूळ दिसतच नसे. कुठे फिरवायचं आणि कुठे फिरवून झालं, याचा तिला पत्ता लागत नव्हता. मी म्हटलं, याला दिवा हवा.

दिव्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या हूवर कंपनीनं १९३० च्या दशकातच आपल्या उभ्या यंत्रांना पुढे दिवा लावला होता, मोटारीला असतो तसा. डायसननं २०२१ मध्ये हिरव्या लेझरचं यंत्र आणलं. त्यातला किरण जमिनीपासून ७.२ मिलिमीटर उंचीवर, दीड अंशाच्या कोनात सोडलेला असतो, असं कंपनी सांगते. हे आकडे वाचून मी वहीत त्रिकोण काढला. बारावीची त्रिकोणमिती. प्रकाश ४५ अंशांनी आला तर कणाची सावली त्याच्या उंचीएवढीच पडते. दीड अंशानं आला तर उंचीच्या अडतीसपट. म्हणजे एक दशांश मिलिमीटरच्या कणाची सावली जवळजवळ चार मिलिमीटर लांब. बाबांचा टॉर्च हेच करत होता. छताची ट्यूब वरून उजेड ओतते, त्यामुळे सावली कणाच्या पोटाखालीच राहते.

रंग हिरवा का, याचंही उत्तर सोपं आहे. भरपूर उजेडात आपल्या डोळ्याला सगळ्यात जास्त जाणवतो तो ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा, पिवळट हिरवा प्रकाश. तेवढ्याच ताकदीचा लाल दिवा मंद वाटतो. लेझर मात्र मी वापरला नाही. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त हिरव्या लेझरपैकी अनेकांत मुळात अवरक्त प्रकाशापासून हिरवा तयार करतात आणि गाळणी धड नसेल तर तो न दिसणारा भागही बाहेर पडतो. गुळगुळीत फरशीवरून तो उलटून आईच्या डोळ्यांत गेला असता, तर ते मला नको होतं. साध्या हिरव्या एलईडी घेतल्या. पाच एलईडी एका ओळीत, पुढे काचेची आडवी कांडी. गोल कांडी भिंगाचं काम करते आणि उजेडाची चपटी पट्टी तयार होते.

पहिला दिवा यंत्राच्या तोंडावर वरच्या बाजूला, चार सेंटिमीटर उंच बसवला. फरशी हिरवी झाली, एवढंच. मग तो खाली आणत आणत आठ मिलिमीटरवर आणला. तेव्हा फरशी काळी राहिली आणि धूळ पेटली. पण आता तोंड दोन फरश्यांच्या सांध्यावरून गेलं की किंचित उचललं जाई आणि पट्टी सोफ्याच्या पायांवर चढे. म्हणून दिव्याला स्वतंत्र, स्प्रिंगवर टेकणारी छोटी चाकं दिली. हे सगळं करायला सहा रविवार लागले. सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मी त्यात नको तेवढी अक्कलही घातली. यंत्र हललं की दिवा आपोआप लागायचा, वीस सेकंद स्थिर राहिलं की विझायचा. आई मध्येच थांबून खुर्ची सरकवायला गेली की अंधार. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अरे, याला साधं बटण नाही का लावता येत?" लावलं.

ज्या संध्याकाळी दिवा पहिल्यांदा नीट चालला, त्या संध्याकाळी आई हॉलमध्ये तासभर यंत्र फिरवत होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा. "बाई गं, इतकी घाण!" असं दर दोन मिनिटांनी. मी खूश होतो. ज्यांनी ही यंत्रं बनवली, त्यांना हे फार आधीपासून माहीत असावं असं तेव्हा वाटलं. १९०१ मध्ये लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथनं ओढून घेणारं यंत्र केलं, ते इतकं अवजड होतं की घोडागाडीवरून दारात आणावं लागे. आत जाणारी धूळ बघ्यांना दिसावी म्हणून त्यात काचेची सोय केली होती. जेम्स डायसननं ५,१२७ नमुने करून आपलं यंत्र बनवलं, आणि धुळीचं भांडं पारदर्शक नको असं बाजारवाले सांगत असताना ते पारदर्शकच ठेवलं. आपल्याकडे युरेका फोर्ब्सचे विक्रेते दारोदार येऊन आपल्याच गादीतली धूळ काढून दाखवत. साफ करण्याइतकंच दाखवणंही महत्त्वाचं. मीही दाखवत होतो.

मग एका दुपारी मी कॉलवर असताना आतून आईचा आवाज ऐकला. मावशींचं पुसून झालं होतं. आईनं पडदे ओढले होते, दिवा लावला होता आणि ती म्हणत होती, "हे बघा ना. इथे बघा. आणि इथे."

मावशी पदराला हात पुसत उभ्या होत्या. हिरव्या पट्टीत आमची फरशी खरोखरच भयंकर दिसत होती. धूळ, केस, शिवाय पुसल्याचे पांढरे फराटे. त्या थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, असा दिवा लावला तर कुणाचंच घर धड दिसणार नाही." आणि गेल्या, फडकं पुन्हा पिळून आणलं आणि सगळं पहिल्यापासून पुसलं. मी कॉल म्यूट करून बघत होतो. उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. त्यानंतरच्या दिवशी आल्या, पण नेहमीसारख्या बोलल्या नाहीत.

मला अस्वस्थ व्हायला कारण होतं. ऑफिसात आमच्या टीमच्या कामाचा एक डॅशबोर्ड आहे आणि त्याचा काही भाग मीच लिहिला आहे. कोणी किती वेळात किती तिकिटं बंद केली, हे त्यात रंगीत पट्ट्यांत दिसतं. ज्याला अवघड तिकिटं मिळतात, त्याची पट्टी कायम लाल. ते का, हे पट्टीत दिसत नाही. त्यावरून मीटिंगमध्ये एका सहकाऱ्याला बोलणी बसताना मी पाहिली होती. तेव्हाही मी म्यूटवरच होतो.

मग मी दिवा घेऊन फरशीवर आडवा झालो आणि नीट पाहिलं. पांढरे फराटे धुळीचे नव्हतेच. आमच्याकडे वापरायला बोअरचं पाणी येतं. ते वाळलं की क्षार मागे राहतात. मावशींनी दहा वेळा पुसलं असतं तर दहा थर बसले असते. दुसरं म्हणजे, ज्या कारणासाठी हे सगळं सुरू केलं, तो आईचा दमा. तिच्या डॉक्टरांनी पूर्वीच सांगितलं होतं, की गादी, उशा, पडदे बघा. घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे तिथे राहतात, उघड्या फरशीवर नाही. फुप्फुसात खोल जाणारे कण तर इतके बारीक असतात, की फरशीवर एकेकटे पडलेले डोळ्यांनी टिपणं कठीणच. माझा दिवा जे दाखवू शकत होता तेच तो दाखवत होता, आणि आम्ही त्यालाच दोषी ठरवून बसलो होतो. लहान व्हॅक्यूम क्लीनरचं पहिलं यशस्वी पेटंट १९०८ मध्ये ज्याला मिळालं, तो ओहायोतला जेम्स स्पँगलर झाडूकामच करायचा, आणि त्याला दमा होता. त्याला धूळ बघायची नव्हती, टाळायची होती.

पण फरशीची कचकच खरी होती. ती कुठून आली?

ते मावशींनीच सांगितलं, मी आठवड्यानं धीर करून माफी मागितल्यावर. "राहू दे रे," म्हणाल्या आणि मग जरा वेळानं, "तुझा दिवा उलटा आहे पण."

म्हणजे?

त्या मला बाल्कनीच्या समोरच्या भिंतीशी घेऊन गेल्या. "आधी मी आठला यायची. ऊन या दारातून आत यायचं, अगदी खालून. मी इथे बसून उन्हाकडे तोंड करून झाडायची. सगळी धूळ चमकायची. एक कण सुटत नव्हता. तू दिवा माणसाच्या बाजूनं लावलास. तो समोरून पाहिजे."

मी अवाक झालो, कारण भौतिकशास्त्रही हेच सांगतं. बारीक कणांवर पडलेला प्रकाश बराचसा पुढच्याच दिशेनं विखुरतो. म्हणून उजेडाकडे तोंड करून पाहिलं की धूळ जास्त चमकते. व्हॅक्यूमवरचा दिवा आपल्यापासून दूर जातो, आपल्याला मिळतो तो उलट आलेला थोडासा प्रकाश. मी सहा रविवार घालवून जे अर्धवट केलं होतं, ते त्या रोज सकाळी, दिव्याशिवाय, पूर्ण करत होत्या.

"मग आता का नाही येत आठला?" असं मी विचारणार होतो. तेवढ्यात उत्तर आठवलं. दोन वर्षांपूर्वी मीच आईला सांगितलं होतं, की सकाळी माझे कॉल असतात, मागे झाडू दिसतो, मावशींना दुपारी यायला सांग. त्यांनी त्यासाठी दुसऱ्या एका घराची वेळ बदलून घेतली होती. दुपारी एक वाजता पूर्वेच्या खोलीत ऊन नसतं. त्यांचा उजेड मी काढून घेतला होता आणि त्याच्या जागी पाच एलईडी बसवून त्यांना त्यात उभं केलं होतं.

टेबल आता आतल्या खोलीत आहे. नेटवर्कसाठी भिंतीवरून वायर ओढून घेतली, दोन तासांचं काम होतं. मावशींना पुन्हा वेळ बदलायला महिना लागला. दुसऱ्या घरच्यांनी सहज मान्य केलं नाही. आईनं गादीला आणि उशांना बंद खोळी घातल्या. कचकच कमी झाली आहे. खोकला थोडा कमी आहे, पण बांधकाम अजून संपलेलं नाही. आईनं मावशींजवळ तो विषय पुन्हा काढला नाही. पण ऊन असेपर्यंत ती हॉलमधला पंखा लावत नाही, धूळ उडू नये म्हणून.

हिरवा दिवा दिवाणाखाली आणि कपाटाखाली वापरतात, जिथे ऊन पोचतच नाही. मावशी तो यंत्रावरून काढतात आणि पलीकडच्या बाजूनं आपल्याकडे तोंड करून जमिनीवर ठेवतात. म्हणजे मी केलेली चाकं आणि स्प्रिंग आता कुणी वापरत नाही.

गेल्या महिन्यात त्यांनी विचारलं, असा एक दिवा त्यांना करून मिळेल का? हिरवा नको, पांढरा. त्यांच्या खोलीला एकच खिडकी आहे, आणि ती समोरच्या भिंतीला लागून. तांदूळ निवडताना खडे दिसत नाहीत. अकरा वर्षांत त्यांच्या घराला किती खिडक्या आहेत हे मी कधी विचारलं नव्हतं.

दिवा एका रविवारात झाला. बटण साधंच लावलं.