स्नायू आवळतो, भिंग फुगतं

ऑप्टोमेट्रीच्या पहिल्या वर्षाला आम्ही बोकडाचा डोळा कापला. कडक पांढरं आवरण कात्रीनं गोल कापत गेलं, आतला दाट, पारदर्शक द्रव बाजूला सारला की चिमट्याला भिंग लागतं. ते पाण्यात धुऊन वर्तमानपत्रावर ठेवलं, तर खालची अक्षरं मोठी दिसली! मटणाच्या दुकानातून आणलेल्या डोळ्यातलं भिंग अजून आपलं काम करत होतं.

माणसाचं भिंग याहून लहान आणि चपटं. व्यास जेमतेम 9-10 मिलिमीटर, जाडी 4च्या आसपास. प्रकाश वळवण्याचं सुमारे दोन तृतीयांश काम समोरचं पारपटलच उरकतं. मग भिंग कशाला? जवळचं-लांबचं जुळवून घ्यायला. इथेच माझं डोकं गरगरायला लागलं. भिंगाभोवती सिलिअरी स्नायूचं कडं असतं आणि बारीक तंतूंनी भिंग त्याला टांगलेलं असतं. स्नायू आवळला की तंतू ताणले जायला हवेत ना? होतं उलटंच. कडं आवळून लहान होतं, भिंगाच्या जवळ सरकतं आणि तंतू सैल पडतात. मग भिंगाच्या स्वतःच्या आवरणाच्या लवचिकपणामुळे ते फुगतं, जवळचं स्पष्ट दिसतं. वहीत कडं काढून, खोडून, पुन्हा लहान काढलं तेव्हा कुठे पटलं.

त्याहून चक्रावून टाकणारी गोष्ट पुढे आली. भिंगात रक्तवाहिनी नाही; पोषण मिळतं भोवतीच्या द्रवातून. प्रकाश अडू नये म्हणून आतल्या पेशी आपलं केंद्रकसुद्धा टाकून देतात. नवे थर आयुष्यभर बाहेरून चढत राहतात, जुना एकही गळत नाही. म्हणजे माझ्या आजीच्या भिंगाचा गाभा ती पणजीच्या पोटात असताना तयार झालेला! तिथली प्रथिनं बदलायची सोय नाही, म्हणून वयानुसार भिंग कडक होतं, चाळिशी लागते. पुढे प्रथिनांच्या गुठळ्या होऊन मोतीबिंदू धरतो.

आजीचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी गढूळ गाभा काढला, आवरणाची पिशवी ठेवली आणि तिच्यात कृत्रिम भिंग बसवलं. ‘मग वाचायला चष्मा कशाला?’ असं ती सारखी विचारायची. परवा तिला वहीतलं कडं दाखवलं. म्हटलं, ‘आजी, तुझा स्नायू अजून आवळतो गं, पण हे नवं भिंग काही फुगत नाही.’

तिनं वही जवळ ओढली आणि चष्मा मागितला.