चीन, चादर आणि बिनधोट्याचा माग

दिवाळी जवळ आली की मोबाइलवर तो मेसेज येतोच. ‘चायनाचा माल घेऊ नका, देशी उद्योग वाचवा!’ मेसेज पाठवणाऱ्याच्या हँडसेटचे पार्ट कुठले, हे मात्र विचारायचं नसतं बरं का! मी नोकरीला पुण्यात असले तरी मूळची सोलापूरची, त्यातही भवानी पेठेची. तिथे हा विषय फॉरवर्ड करून संपत नाही. काकांच्या कारखान्यात चार माग आहेत (आमच्याकडे चार मागांनाही कारखानाच म्हणतात) आणि त्यातले दोन बंद आहेत.

मागच्या सुट्टीत मी विचारलंच, “काका, चीनच्या ब्लँकेटवर दणदणीत ड्युटी लावली तर आपली चादर पुन्हा खपेल?”

“चीनला कशाला शिव्या घालायलीस? आपल्याला पानिपतनं मारलंय.”

गंमत बघा. ते गुबगुबीत पॉलिस्टरचं मिंक ब्लँकेट आधी चीनमधून यायचं. मग पानिपतवाल्यांनी चीनमधूनच मशिनरी आणली आणि तेच ब्लँकेट इथे बनवायला घेतलं. देशी उद्योग वाचला की नाही? वाचला! फक्त तो आमचा नव्हता. लग्नाच्या आहेरात सुती, जकार्डच्या चादरीची जागा या ब्लँकेटने घेतली. वर ‘सोलापुरी’ असं लेबल लावून बाहेरची चादरही विकली जाते. आमच्या चादरीला जीआय टॅग आहे, पण स्टेशनबाहेर चादर घेताना तो कोण बघतं? आणि पानिपत ते सोलापूर रस्त्यावर कस्टम्सचं नाकं काही बसवता येत नाही.

म्हणजे ड्युटी हा नुसताच फुकाचा फंडा आहे का? तसं म्हणवत नाही. सोलापूरची जुनी मिल 1877 मध्ये सुरू झाली आणि 1896 मध्ये इंग्रज सरकारने इथल्या गिरण्यांच्या कापडावरच साडेतीन टक्के कर बसवला. का, तर लँकेशायरच्या मालाला त्रास नको! तो कर जायला 1925 उजाडलं. स्वतःच्या सरकारने आपल्या बाजूने कर लावावा, असं ज्या गावाला वाटतं त्याला मागासलेलं म्हणणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही.

अडचण पुढची आहे. ऑगस्ट 2018 मध्ये सरकारने 328 टेक्स्टाइल वस्तूंवरची ड्युटी 10 वरून थेट 20 टक्के केली. पण बांगलादेशातून येणारे कपडे ड्युटीशिवाय येत होते, आणि त्यातलं कापड चीनचं असलं तरी चालत होतं. पुढचं दार बंद, मागचं सताड उघडं. मग फेब्रुवारी 2025 च्या बजेटमध्ये सरकारने काही निटेड कापडांवर 20 टक्के किंवा किलोला 115 रुपये, जे जास्त असेल ते, अशी ड्युटी लावली. त्याच बजेटमध्ये ठरावीक वेगापर्यंतच्या बिनधोट्याच्या मागांवरची साडेसात टक्के ड्युटी शून्यावर आणली.

आमच्या घरातलं भांडण नेमकं इथे सुरू होतं. चुलतभावाला जुने माग काढून टॉवेलसाठी रेपियर घ्यायचाय. त्याच्याकडे कोटेशन आहे चायनीज मागाचं! स्वदेशी टॉवेल विणायला चिनी माग, तोही विनाड्युटी. मला हे अजिबात ढोंगीपणाचं वाटत नाही. उलट पानिपतने केलं ते आपण पंधरा वर्षं उशिरा करतोय, एवढंच. कापडावरच्या ड्युटीने मिळतो तो वेळ. त्या वेळात नवा माग आला नाही, तर गिऱ्हाइकाला टॉवेल महाग पडतो आणि कारखानदार आहे तिथेच राहतो.

काकांचं म्हणणं वेगळंय. “अरे बे, टॉवेल विकणार कुणाला? ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर 50 टक्के लावले तेव्हा एक्सपोर्टवाल्यांचं काय झालं, बघितलास ना? ते पण त्यांचा देशी उद्योगच वाचवायलेत की!”

यावर भावाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. हप्ता मात्र त्याने काढून ठेवलाय, सात वर्षांचा. बंद दोन माग भंगारात काढायला काका तयार झालेत. चालू दोघांना हात लावायचा नाही, अशी अट आहे. आणि नवा माग बिघडला तर दुरुस्तीला माणूस कुठून येणार, हे कोटेशनमध्ये लिहून आणायला त्यांनी त्याला परत पाठवलंय.