पाठ होणे आणि लक्षात राहणे



आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत ‘याद करना’ म्हणजे पाठ करणेही आणि आठवणेही. मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि मेंदूचे शास्त्र मराठीच्या बाजूचे दिसते.

मेंदूच्या आत, दोन्ही कानांच्या रेषेत, हिपोकॅम्पस नावाचा भाग असतो. नव्या आठवणी घडतात त्या याच्या मदतीने. १९७३ साली ब्लिस आणि लोमो या संशोधकांनी सशांवर प्रयोग करून दाखवले की येथील पेशींच्या जोडावरून जोरदार संदेश गेले की तो जोड बळकट होतो आणि कित्येक तास तसा राहतो. पायवाट रुळते तसेच हे.

मात्र नुसत्या वहिवाटीवर सारे ठरत नाही. पेशी न्यूरोपेप्टाइड नावाचे प्रथिनांसारखे छोटे रेणू सोडतात. ते सावकाश पसरतात, जास्त वेळ टिकतात आणि जोड बळकट होणे सोपे करतात किंवा अवघड. अशाच ‘कार्ट’ नावाच्या पेप्टाइडवर आपल्या नागपूर विद्यापीठात आणि पुण्याच्या ‘आयसर’मध्ये काम झाले. त्याने उंदरांची ओळखण्याची स्मृती सुधारते, असे २०१६ च्या शोधनिबंधात आहे.

उलटही घडते. ताणात हिपोकॅम्पसमध्येच सीआरएच हे पेप्टाइड सुटते. २००८ साली अमेरिकेत उंदरांना काही तास ताणात ठेवले, तेव्हा पेशींच्या फांद्यांवरचे बारीक काटे, जेथे हे जोड असतात, कमी झाले. उंदीर म्हणजे मुले नव्हेत, हे आम्हासही कळते.

तरी हे लिहावेसे वाटले, कारण मागच्या वर्षी एक पालक मुलीची टी.सी. मागायला आले. “हिच्या डोक्यात काही राहत नाही,” म्हणाले. घरी रोज रात्री दुकान वाढवल्यावर अकरापर्यंत उभे करून पाठांतर घेत. मुलगी मान खाली घालून होती. आम्ही तिला बसवले, पाणी दिले आणि त्यांच्याच मसाल्याच्या दुकानातले भाव विचारले. जिरे, शहाजिरे, दगडफूल, रामपत्री, नाकेसर; घाऊक वेगळा, किरकोळ वेगळा. न अडखळता सांगत गेली. हे तिच्याकडून कोणी पाठ करून घेतले नव्हते. वडिलांनी अर्ज घडी करून खिशात ठेवला.

या सत्रापासून तोंडी परीक्षा मुलांना बसवूनच घेतली जाईल. पालकांनी त्या वेळी वर्गाच्या दारात उभे राहू नये, ही विनंती.